अठ्ठेचाळीस तास पांढरं

"तोंड उघड," पंकज म्हणाला.

मी उघडलं.

"मिट आता."

"का रे? नीट बघितलंस तरी का?"

"दिसलं तेवढं पुरे आहे. दिग्या, लेका, हे दात आहेत की चुलीमागची भिंत?"

पंकज माझा सातवीपासूनचा वर्गमित्र. दातांचा डॉक्टर होऊन त्यानं यवतमाळात दवाखाना टाकला होता आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो होतो. डी. एड. करताना मला खर्ऱ्याची सवय लागली. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. तो एका गालात धरला की दिवस कसा सरतो ते कळत नाही. आठ वर्षं मी तो धरला. वर दिवसाला दहा कप चहा. दात काय करतील बिचारे! त्यांना जो रंग मिळाला तो त्यांनी घेतला.

पंकजनं खणातून एक पट्टी काढली. तिच्यावर नकली दात ओळीनं लावलेले होते, एकदम पांढऱ्यापासून मळकट पिवळ्यापर्यंत. साडीच्या दुकानात रंग लावून बघतात तसा तो एकेक दात माझ्या दाताशेजारी धरून बघू लागला. बघता बघता पट्टी संपली.

"काय झालं?"

"कंपनीनं याच्यापुढं बनवलेच नाहीत," तो म्हणाला. "बरं, कधीपर्यंत पाहिजेत?"

"उद्या सकाळपर्यंत."

त्यानं पट्टी खाली ठेवली. "उद्या? अरे, पुढच्या दातांवर पातळ पापुद्रे चिकटवता येतात, व्हेनियर म्हणतात त्याला. झकास दिसतात, पण माप घ्या, बनवून आणा, बसवा, दोन आठवडे कुठं गेले नाहीत. कॅप बसवायची तर दात चारी बाजूंनी घासून बारका करावा लागतो, आणि तुझे दात चांगले दणकट आहेत, फक्त घाणेरडे आहेत. चांगला दात मी घासणार नाही."

"मग उद्यापर्यंत काय होईल ते कर न बाप्पा!"

"आधी खरवडून साफ करतो, मग ब्लीच. पण एवढी घाई कशाची आहे? उद्या काय आहे?"

"आहे एक घरगुती कार्यक्रम."

मी खरं सांगितलं नाही. पंकजला सांगितलं असतं की उद्या मी मुलगी बघायला चाललोय, तर संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या बॅचला कळलं असतं. ही माझी पहिली चूक. त्याला सांगितलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं.

आणि मुलगी कोणती, तर ढोबळे मॅडम! त्याच वर्षी जुलैमध्ये आमचं दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. तिथं माझ्या शेजारच्या बाकावर प्रणिता ढोबळे बसायची. बोरझरी गावची, तिकडच्याच शाळेत शिक्षिका. तिसऱ्या दिवशी तिनं फळ्यापाशी उभं राहून चिंचोके वापरून हातच्याची वजाबाकी कशी शिकवायची ते दाखवलं. सहा वर्षं मास्तरकी करून मला जे जमलं नव्हतं ते तिनं पाच मिनिटांत उलगडलं, आणि माझं मन तिथंच बसलं ते उठेचना. पण मी बोलायला गेलो की बाई ताबडतोब रुमाल तोंडावर धरायची. "मॅडम, खडू आहे का?" रुमाल. "मॅडम, चहा घेता?" रुमाल. दहा दिवसांत तिचं नाकाखालचं तोंड मी धड पाहिलं नाही.

आता मास्तर माणूस एवढं तरी समजतो. माझ्या तोंडाला खर्ऱ्याचा वास येतो आणि माझे दात तिला बघवत नाहीत, असा सरळ हिशोब मी लावला. प्रशिक्षण संपलं त्या दिवशी खर्ऱ्याची पुडी नाल्यात फेकली, ती पुन्हा हातात घेतली नाही. तीन महिने नुसती बडीशेप चघळली. मग तुळशीराममामाला हाताशी धरून, मला काही माहीतच नाही असं दाखवत, तिच्या घरी निरोप धाडला. मला वाटलं होतं, नकार येणार. तर तिकडून उत्तर आलं, रविवारी या. माझा आधी विश्वासच बसेना. मग घाबरलो, आणि शनिवारची सकाळची शाळा उरकून तडक पंकजच्या खुर्चीत येऊन बसलो.

दीड तास त्यानं माझं तोंड ताणून ठेवलं. खरवडलं, घासलं, काहीतरी थंडगार लेप लावला आणि वर निळा दिवा धरला. शेवटी आरसा दिला. देवाशपथ सांगतो, मी दचकलो. माझ्या तोंडात दुसऱ्याच कुणाचे तरी दात होते.

"आता ऐक," पंकजनं बोट उगारलं. "थंड लागलं की ठणका बसेल, एक-दोन दिवस. घाबरायचं नाही. आणि पुढचे अठ्ठेचाळीस तास फक्त पांढरं खायचं. पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं तर डाग पडेल, असं काहीही तोंडात घालायचं नाही. चहा नाही, खर्रा नाही, हळद तर अजिबात नाही. दहीभात खा, दूध पी. नाहीतर केली मेहनत पाण्यात जाईल."

"हात्तिच्या! दोन दिवस तर काढायचे."

मुलगी बघायच्या कार्यक्रमात पोहे असतात, पोह्यांत हळद असते आणि पोह्यांमागून चहा येतो, ही गोष्ट महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक आहे. फक्त मला त्या क्षणी आठवली नाही.

रविवारी सकाळी मामा आणि मी एसटीनं निघालो. वडील माझ्या लहानपणीच गेले, आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता, म्हणून वडीलधारा म्हणून मामाच. मामा मनानं लाख माणूस, पण पोटात काही राहायचं नाही. बसमध्ये मी हसलो तसा तो मागं सरकला.

"काहून रे दिग्या, बत्तिशी कवा बसवली?"

"बसवली नाही मामा, साफ केली."

"येवढी साफ? माह्या तर डोळ्यापुढं अंधारी आली लेका!"

बोरझरीला उतरलो. उतरल्या उतरल्या एक हातपंप दिसला, लालभडक रंगवलेला. मी म्हटलं, ग्रामपंचायतीला हौस दिसते. पारावर एक म्हातारा बसला होता. मी झकास हसून विचारलं, "बाबा, ढोबळेंचं घर कुठं आलं? चक्कीवाले ढोबळे." म्हाताऱ्यानं पटकन तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं दिशा दाखवली. पुढं दोन बाया भेटल्या, त्यांनी पदर तोंडावर ओढला. एका दुकानदाराला विचारलं, तर त्यानं हातातला पेपर नाकापर्यंत वर घेतला आणि पेपराआडून रस्ता सांगितला.

"दिग्या," मामा हळूच म्हणाला, "तुह्ये दात पाहून लोकं तोंडावर हात ठेवून रायले बरं!"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी आणखी मोठ्यानं हसत चालू लागलो. पंकजला मिठी मारावीशी वाटली.

ढोबळेकाकांची पिठाची चक्की घराला लागूनच होती. रविवार असूनही त्यांनी ती बंद ठेवली होती, पाहुण्यांसाठी. काका दारात उभे होते, बोलताना मिशीवर हात. काकू आतून आल्या, पदर तोंडावर. मी मनात म्हटलं, काय मर्यादशील घर आहे!

"बसा जी, बसा. पाणी घ्या."

तांब्याभांडं आलं. माठातलं पाणी, नोव्हेंबरची सकाळ. मी पेला ओठाला लावला आणि मोठा घोट घेतला. आई गं! वरच्या चार दातांतून निघालेली कळ थेट टाळूत गेली. माझं तोंड वेडंवाकडं झालं, डोळे मिटले गेले आणि मी पेला खाली ठेवून दिला.

डोळे उघडले तर काका माझ्याकडे बघत होते.

"पाणी गोड नाही आमचं," ते हळू म्हणाले.

"नाही नाही, काका, छान आहे!"

"मग घ्या न आणखी."

"नको."

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या ते ध्यानात आलं, पण अर्थ कळला नाही. इतक्यात प्रणिता आली. फिकी आकाशी साडी, हातात ट्रे, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. मी माझं नवीन हसू पूर्ण उघडून तिच्यापुढं धरलं. तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झरकन बदललं आणि ट्रे ठेवून ती आईशेजारी जाऊन बसली. मला वाटलं, लाजली.

मग मी ट्रेकडे पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पोहे! पिवळेधमक, हळद अगदी सढळ हातानं घातलेली. शेजारच्या वाटीत तेलाचा लाल तवंग असलेली तर्री. आमच्या भागात पोह्यांवर तर्री ओतून खातात, आणि ती एकदा सदऱ्यावर सांडली की सदरा कायमचा जातो. अठ्ठेचाळीसपैकी जेमतेम वीस तास झाले होते.

मामानं तर्री ओतली आणि हाणायला सुरुवात केली. मी चमचा हातात घेतला. पोहे इकडून तिकडे केले, तिकडून इकडे केले. वर खोबऱ्याचा कीस भुरभुरला होता. खोबरं पांढरं! मी चमच्याच्या टोकानं हळूहळू खोबरं वेचलं आणि खाल्लं. चार-पाच चिमट्या खोबरं असेल. ते संपल्यावर माझ्यासमोर नुसता पिवळा ढीग उरला.

"तिखट झाले काय?" काकूंनी पदराआडून विचारलं.

"नाही हो काकू, मस्त झालेत."

"खाल्ले तर नाहीत."

आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमच्या मुलीला माझे दात आवडत नव्हते म्हणून मी काल ते धुऊन आणलेत आणि आता वाळत घातलेत? तिच्यादेखत? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी तोंडाला येईल ते बोललो.

"मला उपास आहे."

"रविवारचा कायचा उपास?" मामा भरल्या तोंडानं म्हणाला. "सकाळी वाडगंभर दहीभात हाणला न यानं माह्यासमोर!"

मी मामाच्या पायावर पाय दिला. मामा म्हणाला, "पाय काहून देतं बे?"

काकूंनी पोह्यांची बशी उचलली, चहाचा कप पुढं केला. "बरं, चहा तरी घ्या."

"मी चहा घेत नाही."

"ऑ?" मामानं कप खाली ठेवला. "दिवसाला धा कप ढोसते हा! मास्तर लोकायच्या खोलीतली किटली याच्याच्यानं पुरत नाई!"

तुळशीराममामा गेला, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. पण त्या दिवशी त्याला तिथून उचलून एसटीत टाकावं असं मला फार वाटलं.

ढोबळेकाका उठून उभे राहिले. रागावले नव्हते, हेच वाईट. त्यांनी मिशीवरचा हातही काढला नाही. "समजलं आम्हाले," ते म्हणाले. "लांबून आले, उपकार झाले. बस एक वाजता हाय." काकू रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. आत भांड्याचा आवाज नाही, काही नाही, आणि मग कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलीच्या घरचं पाणी घेतलं नाही, पोहे खाल्ले नाहीत, चहा नाकारला. मी तोंडानं एक शब्द न बोलता नकार दिला होता! मामाच्या मागं लागून, तीन महिने बडीशेप चघळून जिथं येऊन पोचलो होतो, तिथं स्वतःच्या हातानं माती केली होती.

"काका, तसं नाही हो..." मी सुरू केलं.

"बाबा," प्रणिता मध्येच म्हणाली, "मी सरांशी दोन मिनिटं बोलू?"

काकांनी मान हलवली. ती पुढं आणि मी मागं असे आम्ही चक्कीच्या खोलीत आलो. सगळीकडे पिठाचा थर होता. तिनं तोंडावर पदर धरला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"सर, नकार द्यायचा तर तोंडानं द्यायचा. आईनं पहाटे उठून पोहे निवडले. तिनं तुमचं काय वाईट केलं होतं?"

"मॅडम, मी नकार दिलेला नाही."

"चहा पीत नाही म्हणालात. प्रशिक्षणात तुम्ही माझ्याही वाटचा चहा प्यायला होतात. रोज."

मी चक्कीच्या पट्ट्याकडे बघू लागलो.

"पाण्याचा पेला ठेवून दिलात तेव्हाच कळलं. तुम्ही पहिले नाही. याआधी तीन स्थळं आली. एकजण येताना बाटलीत घरचं पाणी घेऊन आला होता. एकानं सांगितलं, आधी दात बसवून घ्या, मग पाहू. तिसरा काहीच बोलला नाही, तुमच्यासारखाच पोहे टाकून गेला."

"दात? कुणाचे दात?"

तिनं पदर खाली केला.

"हे," ती म्हणाली.

वरच्या-खालच्या सगळ्या दातांवर तपकिरी डाग आणि पट्टे होते. मी पाहत राहिलो.

"बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. बाहेर लाल हातपंप पाहिला न? ते पाणी पिऊ नका म्हणून तसा रंगवलाय. पण रंगवला आत्ता. आम्ही लहानपणापासून तेच पीत मोठे झालो. गावात सगळ्यांचेच दात असे. घासून जात नाहीत, पाहिलंय घासून. परका माणूस आला की सगळ्यांचा हात आपोआप तोंडावर जातो. कुणाला शिकवावं लागत नाही."

पारावरचा म्हातारा, पदर ओढणाऱ्या बाया, पेपराआडचा दुकानदार, सगळे एकदम माझ्या डोळ्यांपुढं उभे राहिले. आणि त्या सगळ्यांसमोरून मी दात विचकत गावभर फिरलो होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"म्हणजे प्रशिक्षणातला तो रुमाल..." मी म्हटलं, "तो तुम्ही स्वतःसाठी धरला होता?"

"मग कुणासाठी?"

"मला वाटलं, माझ्या तोंडाला वास येतो."

"वास येतच होता," ती म्हणाली. "पण रुमाल माझ्यासाठी होता."

मग तिचा आवाज बदलला. "सर, खरं सांगू का? तुमचे दात पाहिले म्हणून तर मी बाबांना हो म्हटलं. दहा दिवस तुम्ही ते पिवळेजर्द दात घेऊन खुशाल खो खो हसत होतात, सगळ्यांसमोर. कधी हात नाही लावला तोंडाला. मी म्हटलं, हा माणूस मला हसू देईल. आणि आज तुम्ही हे काय करून आलात?"

मी चक्कीच्या कडेला टेकलो, पँटला सगळं पीठ लागलं. म्हटलं, आता लाजून उपयोग नाही. मी सगळं सांगून टाकलं. रुमाल, नाल्यात फेकलेली पुडी, बडीशेप, पंकज, निळा दिवा, दातांतला ठणका, अठ्ठेचाळीस तास पांढरं.

ती आधी नुसती ऐकत होती. मग तिच्या कपाळावरची आठी सुटली.

"म्हणजे ते खोबरं..."

"पांढरं होतं."

"वेचून वेचून..."

"दुसरं काय खाणार? कांदापण पिवळा झाला होता!"

ती हसली. सवयीनं हात तोंडाकडे गेला, पण हसू इतकं जोरात आलं की हात अर्ध्या वाटेतच राहिला आणि तिनं पोट धरलं. वरचे, खालचे, सगळे दात दिसत होते. हसता हसता तिला ठसका लागला, तरी थांबेना. मी तिला पहिल्यांदा पाहत होतो, खरं म्हणजे.

"मला भूक लागलीय," मी म्हटलं आणि आत गेलो.

मामा एकटाच बसला होता, रडवेला होऊन. काका खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

"काकू," मी मोठ्यानं म्हटलं, "माझी बशी कुठं आहे?"

काकू दारात आल्या. डोळे लाल. "ते गार झाले."

"असू देत. तर्रीपण आणा."

मी जो बसलो तो पहिली बशी संपवून दुसरी मागितली, दुसरी संपवून तिसरी. वर तर्री ओतून. मग चहा मागवला, उकळता. गरम चहा दातांना लागला तसा पुन्हा तो ठणका, या वेळी सगळ्या बत्तिशीतून. पण कप खाली ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं. घोट घेत होतो आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अवो, रडून रायले ते!" काकू काकांना म्हणाल्या.

"लई हळवं हाय पोरगं," मामानं ताबडतोब ठोकून दिलं. "बापावर गेलं."

शेवटी माठातलं पाणी मागितलं. पेलाभर, गटागटा. ढोबळेकाका जागचे हलले नाहीत. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, आत पाहिलं, आणि मिशीवरचा हात काढून हसले. दात प्रणितासारखेच, जरा जास्तच गडद. "रोज पिऊ नका," ते म्हणाले. "जावयाले आम्ही टँकरचं देऊ."

सोमवारी संध्याकाळी मी पंकजकडे गेलो. त्यानं पट्टी काढून दाताशेजारी धरली आणि कपाळावर हात मारला.

"काय खाल्लंस, खरं सांग."

"पोहे. तीन बशा. तर्री घालून."

"आणि?"

"चहा, दोन कप."

"मूर्खा! आता सगळं पुन्हा करावं लागेल."

"राहू दे," मी म्हटलं. "ठरलं आहे."

"काय ठरलं आहे?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, आणि रात्रीपर्यंत अख्ख्या बॅचला कळलं.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. बोरझरीला नळानं धरणाचं पाणी आलं. तिथल्या लहान पोरांचे दात पांढरे निघतात आणि ती कुणासमोरही हसतात. आमच्या लग्नात फोटो काढताना फोटोग्राफर सारखा "तोंड मिटा" म्हणत होता. आम्ही दोघांनीही मिटलं नाही.

मागच्या दिवाळीआधी प्रणिता एकटीच पंकजकडे गेली. त्यानं तिला सगळं समजावलं. हे डाग ब्लीचनं जाणार नाहीत म्हणाला, वरून पापुद्रे लावावे लागतील. तिनं पुढच्या आठ दातांना लावून घेतले आणि घरी येऊन मला दाखवले. मी विचारलं, कशासाठी गं, आता? ती म्हणाली, "कशासाठी काय? मला वाटलं. तुम्ही मला विचारून गेला होतात का?"

दिवाळीला आम्ही बोरझरीला गेलो. एसटीतून उतरलो आणि पाहतो तर काय, बाईचा पदर तोंडावर! पारापासून घरापर्यंत तिनं तो खाली घेतला नाही. घरी काकू आता थकल्यात, काका कानानं कमी ऐकतात. शेजारपाजारच्या चार बाया जमल्या होत्या, सगळ्या तिच्या वयाच्या, लहानपणापासून एकाच बोअरचं पाणी प्यायलेल्या. सगळ्या तोंड भरून हसत होत्या. परकं कुणी नव्हतंच. एकटी प्रणिता पदर धरून बसलेली.

"काय झालं गं?" मी हळूच विचारलं.

"लाज वाटते हो," ती पदराआडून म्हणाली. "सगळ्यांत मीच वेगळी."

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो. काकूंनी पोहे केले होते, नेहमीसारखे पिवळेधमक. मी बशी भरून घेतली, वर तर्री ओतली, आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढं आणून ठेवली.

"तीन बशा खा," मी म्हटलं. "होतात परत पिवळे."

तिनं बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पदर सोडला, आणि चक्कीच्या खोलीत हसली होती तशीच हसली, पोट धरून, सगळ्यांसमोर.